लग्न झालेल्या पोरीचं सोळावं वर्ष

शालन,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. दहाव्याच्या दिवशी नामदेवदाजी मला म्हणाले, तुम्ही लिहिणाऱ्या बाई आहात, बायकोची मैत्रीण आहात, दोन शब्द बोला. मी उठले. समोर तुझा फोटो होता, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, ज्यात तू हसू दाबून उभी आहेस. माइक हातात घेतला आणि तसाच परत दिला. मुख्याध्यापक मग बराच वेळ बोलले. विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ. तू मनमिळाऊ कधीच नव्हतीस, पण ते सांगायला तिथं माझी जीभ उचलली नाही.

तिथं बोलता आलं नाही ते इथं लिहिते. तू वाचणार नाहीस हे माहीत असून लिहायची मला सवय नाही. आजवर जे काही लिहिलं ते आधी तू वाचलंस.

तू आमच्या वर्गात आलीस तेव्हा आपण चौथीत होतो. तुझे वडील मेंढरं घेऊन आमच्या शेतात मुक्कामाला यायचे, शेताला खत मिळावं म्हणून माझे वडीलच त्यांना बोलवायचे. एरवी दोन-तीन आठवड्यांत तुमचा मुक्काम हलायचा. त्या वर्षी तुझी आई आजारी पडली, म्हणून तुम्ही राहिलात आणि गुरुजींनी तुला शाळेत बसवलं, माझ्याच बाकावर. तुझ्या केसांना लोकरीचा वास येतो असं मी आईला सांगितलं होतं. पुढं हॉस्टेलवर तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, "आन् तुझ्या केसांना शेंगदाण्याच्या तेलाचा यायचा, मी कुणाला सांगितलं का?"

दहावीपर्यंत तू गावातच राहून शिकलीस आणि अकरावीला आपण दोघी शहरात आलो. तेव्हा आपण औरंगाबादच म्हणायचो. औरंगपुऱ्यात टायपिंगच्या क्लासला जायचो आणि तिथून वाचनालयात. तिथली बाई आपल्याला बघून वैतागायची, कारण आपल्याला काय द्यावं ते तिला कळायचं नाही. एका कपाटात राजपुत्र आणि बोलणारे पोपट होते, दुसऱ्यात चाळिशीतल्या दुःखी बायका. सोळा वर्षांच्या पोरीचं त्या दोन कपाटांच्या मध्ये काहीच नव्हतं. एक दिवस तू टायपिंगचा क्लास अचानक सोडलास. फी वाया गेली म्हणून मी चिडले. दहा-बारा वर्षांनी, मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले असताना, तू सहज सांगितलंस की तिसऱ्या मशीनवर बसणारा मुलगा तुला आवडायचा आणि त्याच्याकडे बघताना तुझी बोटं चुकायची, म्हणून सोडलास. त्याचं नावही तुला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलंस, आणि हॉस्टेलवर मी शेजारच्याच कॉटवर झोपत होते.

त्या दुपारीच मला वाटलं की हे लिहायला हवं, पण लिहायला बसेपर्यंत आणखी दहा वर्षं गेली. तू आपल्याच गावच्या शाळेत मराठी शिकवत होतीस, मी शहरात, सिडकोत, संसार आणि नोकरी करत होते. पहिली कादंबरी मी दोन वर्षं लिहिली, गावाकडून रोज बसने शहरात येणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची. पहिलं प्रकरण तुला पाठवलं आणि आठवड्याने तू लाल पेनाने भरलेली पानं घेऊन दारात हजर. माझी नायिका वहीत गुलाबाचं फूल जपून ठेवत होती. तू त्यावर काट मारली होतीस.

"अगं, कोणत्या काळात राहती तू? गुलाब आणायचा कुठून? माझ्या वर्गातल्या पोरींकडं आईचा मोबाइल असतो, तोबी तासभर. पोरगा त्याच्या बापाच्या फोनवरचा डीपी बदलतो, मग हिला कळतं, त्यानं आपली आठवण काढली. एवढंच असतंय त्यांचं. बापाला वाटतं, फोन बिघडला."

मी हसत सुटले आणि ते जसंच्या तसं पुस्तकात घातलं. लोकांनी नेमकं तेच उचललं. मुलींची भाषा कशी पकडता हो, असं मला विचारायचे तेव्हा मी नुसती हसायचे. तुझं नाव अर्पणपत्रिकेत होतं, पण पुस्तकातली निम्मी वाक्यं तुझी होती हे मी कुठंही म्हटलं नाही. तूही कधी विषय काढला नाहीस.

पुस्तक आल्यावर तू शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलींना थांबवून घ्यायला लागलीस. एका शनिवारी एक प्रकरण, तू मोठ्याने वाचायचीस. सुरुवातीला अकरा जणी थांबायच्या, मग बसची वेळ चुकवून सगळ्याच. मी एकदा आले होते. दुसऱ्या बाकावरची एक काटकुळी मुलगी दर पानाला तुला थांबवून प्रश्न विचारत होती. ती वैष्णवी. नायिकेची मैत्रीण तिच्यावर रुसते ते प्रकरण चालू होतं. वैष्णवी म्हणाली, "मॅडम, ही चुकीची रुसली. मी असते तर आधी भांडले असते, मग रुसले असते." तू पुस्तक मिटून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, ऐक, समीक्षक बोलल्या.

वैष्णवी दहावीत गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला बघायला पाहुणे आले. शाळा उघडली तेव्हा लग्न ठरलेलं होतं, पाचोडकडच्या एका गावातला मुलगा, वय पंचवीस. तिला सोळावं लागलेलं. तिनं तुला वर्गात सांगितलं नाही, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही तपासायला दिली. त्याच संध्याकाळी तू तिच्या घरी गेलीस. तिचा बाप वाईट नव्हता, हे तू मला कितीदा सांगितलंस. कापूस आणि तीन मुली, एवढंच त्याचं जग. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही शनिवारी काय वाचून दाखवता ते कळलंय आम्हाला, पोरगी मोबाइलकडं बघत बसती, उद्या काही झालं तर तुम्ही येणार का निस्तरायला? म्हणजे लग्नाचं कारण माझं पुस्तक निघालं.

पुढच्या आठवड्यात पालकांची बैठक बसली. बैठकीला शाळा समितीचे लोक, आणि समितीचे अध्यक्ष कोण, तर माझेच चुलते, आण्णा. तू फोन केलास. पुस्तक तू लिहिलंय, तू येऊन बस, असं म्हणालीस. मी का-कू करायला लागले तर तू म्हणालीस, "तुला काय भ्यायचं? समोर तुझीच माणसं आहेत."

माझीच माणसं होती म्हणूनच तर, शालन.

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. त्या दिवशी साहेबांनी ऑफिसात थांबवून घेतलं, असं मी तुला कळवलं होतं. साहेबांनी थांबवलं नव्हतं. मी अर्धी रजा टाकून निघाले होते. गावाच्या फाट्यावर उतरले, शाळेकडे चालत गेले आणि फाटकाजवळ आण्णांची गाडी उभी दिसली. आण्णांनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. माझ्या लग्नात मुलाकडच्यांशी तेच बोलले होते. प्रेमाचं प्रकरण लिहिणारी पुतणी म्हणून त्यांच्यासमोर, गावासमोर उभं राहायचं, या विचारानं मी फाटकातूनच मागं वळले. मी फाट्यावर परत आले, हॉटेलात चहा सांगितला. तुझा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी तो वाजू दिला. शहराकडं जाणारी बस आली आणि मी चढले.

बैठकीत काय झालं ते मला नंतर खुद्द आण्णांनीच सांगितलं. म्हणाले, तुझी ती मैत्रीण लई खमकी. सगळे बोलून झाल्यावर तू उठलीस आणि म्हणालीस, ज्या प्रकरणावर तक्रार आहे ते मी वाचून दाखवते, त्यात वाईट काय ते तुम्ही सांगा. आणि खरंच वाचलंस. बसमध्ये तो तिच्यासाठी जागा धरतो, ती बसते, तासभर दोघं एक शब्दही बोलत नाहीत आणि उतरताना तिचा डबा बसमध्येच राहतो, तेच प्रकरण. टोप्या-फेटे घातलेली ती माणसं खाली बघत ऐकत राहिली म्हणे. मागं बसलेल्या बायांपैकी एक जण डब्यापाशी खुदकन हसली. शेवटी आण्णा म्हणाले, पुस्तक चांगलं असेल, पण शाळेत नको. आणि तू तिथंच वैष्णवीचं वय काढल्यावर तिचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला, अठरा पुरी होईपर्यंत पोरगी उजवणार नाही. तू मला फोनवर सांगितलंस, पुस्तक गेलं पण पोरगी वाचली, सौदा वाईट नाय झाला.

आण्णांना तुझी धनगराची जात आठवली असणार त्या वेळी, तुझ्या वडिलांची आमच्या शेतातली मेंढरं आठवली असणार. मी तुझ्या शेजारी बसले असते तर त्यांना ती आठवून उपयोग झाला नसता. हे मला त्या दिवशी बसमध्येच कळलं होतं.

वैष्णवीनं दहावीचे सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरनंतर ती तुला भेटून गेली, बारावीपर्यंत शिकणार म्हणाली. नंतर एक दिवस दुपारी तुझा फोन आला. "झालं. परवा झालं. मामाच्या गावाला नेऊन लावलं."

मी म्हटलं, तक्रार करू, कायदा आहे. तू म्हणालीस, त्याचा विचार करूनच दोन दिवस मी फोन केला नाही. लग्नाआधी कळलं असतं तर तू पोलिसांना घेऊन मांडवात गेली असतीस, मला शंका नाही. पण आता वैष्णवीनं कुणाच्या तरी फोनवरून निरोप धाडला होता: मॅडम, काही करू नका, पप्पांना आत टाकतील, लहान बहिणी आहेत. तू विचारलंस, मंगल, काय करू? मी तोच प्रश्न तुला उलट विचारला. शेवटी तू तक्रार केली नाहीस. ते बरोबर होतं की चूक, हे तुला मरेपर्यंत ठरवता आलं नाही, आणि मलाही नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून चालूच आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एका मुलीचं लग्न ठरतं आणि तिच्या मैत्रिणी मिळून ते मोडतात. शेवटी ती सायकलवरून कॉलेजला जाते. तू ती वाचलीस आणि म्हणालीस, चांगलंय. लाल पेनाची एकही खूण नव्हती. मी हट्टानं विचारलं तेव्हा कुठं बोललीस.

"वैष्णवीच्या हातात हे पडलं तर तिला काय वाटंल? सगळ्या पोरी सुटल्या, मीच तेवढी अडकले?"

मी म्हटलं, अगं, ही पुस्तकं वयात येणाऱ्या मुलींच्या हातात जातात. त्यांना उमेद द्यायची की घाबरवायचं? लग्न होऊन सगळं संपतं असं लिहू?

"संपतं असं कोण म्हणलं?" तू आवाज चढवलास, नामदेवदाजी आतून बाहेर डोकावले. "लग्न झालेल्या पोरीचं बी सोळावं वर्ष असतंच की. तिला बी मैत्रिणी आठवत्यात. तिला बी कुणी आवडलेलं असतंय, ते काय मंगळसूत्र घातल्यावर पुसून जातं? स्वयंपाक करता करता तिला दहावीची कविता आठवत असंल. तिच्यासाठी कोण लिहितंय? ती आता बाई झाली म्हणून तिला त्या दुसऱ्या कपाटात टाकायचं व्हय?"

मी रागानं उठून निघाले. प्रकाशक घेणार नाही, शाळा घेणार नाहीत, असं काहीबाही म्हणाले. बसस्टॉपपर्यंत तू सोडायला आलीस. नंतर दर भेटीत तू एकच विचारायचीस, लिहिलंस का? आणि मी म्हणायचे, डोक्यात चालू आहे. खरं सांगायचं तर मी तीनदा सुरुवात केली. पहिल्या पानावर मुलीचं लग्न होतं आणि दुसऱ्या पानापासून ती माझ्याशी बोलायची बंद होते. ती कशी बोलेल हे मला माहीतच नव्हतं. मी तुझ्याकडं येऊन विचारायला हवं होतं, आणि मी तुझ्यावर रुसून बसले होते. चार वर्षं.

गेल्या दिवाळीत तुझ्या पोटात गाठ निघाली. पुण्याहून तुझा मुलगा आला, डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं आणि त्यानं आल्या आल्या तुला सांगून टाकलं, कारण त्याला तुझ्याशी खोटं बोलता येत नाही. उन्हाळ्यात तुला शहरातच दवाखान्यात ठेवलं. मी ऑफिस सुटलं की यायचे. तुला बोलायला आवडायचं तेव्हा तू बोलायचीस, नाहीतर मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एकदा तू विचारलंस, "लिहिलंस का?" मी म्हटलं, लिहितेय. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मग दाखव की." मी पर्स उघडली, जणू काही त्यात पानं होती, आणि पुन्हा बंद केली. तू बघितलं नाहीस, किंवा बघून बोलली नाहीस.

फाट्यावरून परत गेले ते त्या दिवसांत सांगायचं ठरवलं होतं. एकदा सुरुवातही केली. म्हटलं, शालन, त्या बैठकीच्या दिवशी. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली, ती जाईपर्यंत तुला झोप लागली. दुसऱ्या दिवशी तुला नीट ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू मला ओळखून हात धरलास, पण तुझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. कानाशी वाकून सांगता आलं असतं. पण तू त्यावर काही बोलू शकणार नव्हतीस, आणि तुझी बोलणी न खाता सुटका करून घेणं मला जमेना. असं मी स्वतःला सांगते. कदाचित पुन्हा एकदा फाटकातूनच मागं वळले असेन.

तू गेल्यावर दाजींनी तुझ्या वहीतले फोन नंबर मला दिले, कळवायला. त्यात वैष्णवीचा होता, पुढं कंसात तू लिहिलेलं, मालकाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. दोन-तीनदा लावला, उचलला नाही. म्हणून परवा रजा टाकून गेले. पाचोडला उतरले, तिथून रिक्षा. घर शेतातच आहे. वैष्णवी अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. मला लगेच ओळखलं, पुस्तकवाल्या मॅडम म्हणाली. पदराला धरून पोर उभं, तीन वर्षांचं. सासू ओट्यावर बसलेली, मला पाणी द्यायला तिनंच सांगितलं.

तू गेलीस ते मी सांगितलं. ती काड्या खाली ठेवून उठली. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा घेऊन आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याजवळ खाली बसून तिनं हळूच विचारलं, "मॅडमला कळलं व्हतं का, मी बारावी झाले ते?"

मी विचारलं, कधी? मग तिनं सांगितलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बारावीला बसली होती. नवऱ्यानंच फॉर्म आणून दिला, परीक्षेला गाडीवर नेलं. निकाल मे महिन्यात लागला. तुला फोनवर सांगायचं नव्हतं तिला, समोर येऊन सांगायचं होतं. नवरा म्हणाला, पेरणी उरकू दे, मग नेतो. पेरणी अजून चालू आहे.

मी मनात हिशेब केला. निकाल लागला तेव्हा तुला अजून दोन-अडीच आठवडे ऐकू येत होतं. रोज संध्याकाळी मी तुझ्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. निकालाची बातमीही वाचली असेन.

मी म्हटलं, हो, कळलं होतं.

तिचा चेहरा उजळला. "काय म्हणल्या?"

मुलींच्या तोंडी बोलणं घालून मी दोन कादंबऱ्या लिहिल्या. वैष्णवी माझ्याकडे बघत होती, पोरानं तिचं कानातलं ओढलं तरी नजर हटवली नाही. मला तुझं एक वाक्य सुचेना. तू ओरडली असतीस की रडली असतीस, आधी तिला रागावली असतीस का, लवकर का सांगितलं नाही म्हणून. मी म्हटलं, खूप खूश झाली.

"एवढंच म्हणल्या?" वैष्णवी म्हणाली.

मी मान डोलावली. तिनं चहाचा कप उचलून नेला.

शालन, वैष्णवी बारावी झाली. कालपासून मी कागद समोर घेऊन बसले आहे, आणि यावर तू काय म्हणाली असतीस ते मला अजून लिहिता येत नाही.

— मंगल